हनुवटी बोटभर खाली

औरंगाबादला जाऊन आलो असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न लेण्यांचा विचारतो. मग मकबरा, पाणचक्की, हिमरूच्या शाली. मी यातलं काही पाहिलं नाही. वेरूळवरून एस.टी. गेली तेव्हा माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी होती, शेजारी बसलेल्या म्हातारबुवांची मान माझ्या खांद्यावर होती आणि खिडकी पलीकडच्या बाजूला होती. तीन आठवडे मी त्या मुलखात माणसांचे चेहरे पाहिले, तेही फक्त एका बाजूनं. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. जे तिकडं गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे खरं, पण वाचून कुणी हौसेनं बॅग भरायला घेईल असं वाटत नाही.

कराडात माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी काढला, मी चालवला. मुलगी दाखवायचे फोटो, लग्नाचे, पासपोर्टचे, तेराव्याला भिंतीवर लावायचे, असे सगळे फोटो आम्ही काढले. बिडकर मॅडम दातांचं शिकायला आमच्या गावात होत्या, तेव्हा रुग्णांच्या फोटोंची रिळं माझ्याकडं धुवायला द्यायच्या. पुढं त्यांनी औरंगाबादेत दवाखाना टाकला. वेडेवाकडे दात तारा बांधून सरळ करायचे आणि जबडाच मागंपुढं असेल तर सर्जनकडून तो हलवून घ्यायचा, हे त्यांचं काम. एक दिवस त्यांचं पत्र आलं. "काका, एक अभ्यास करते आहे. बाजूनं फोटो काढायला हात स्थिर असलेला माणूस हवा. याल का?"

हात स्थिर असलेला माणूस! मी ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसलो.

औरंगाबाद, पहिले दिवस

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. मॅडमचा दवाखाना औरंगपुऱ्यात, एका औषधाच्या दुकानावर. पोचल्या पोचल्या त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीला निळं कापड, त्यापुढं छतापासून सोडलेला गवंड्याचा पितळी ओळंबा, लाल दोऱ्याला लावलेला. ओळंब्याशेजारी रुग्णानं उभं राहायचं आणि समोरच्या आरशात बघायचं. कॅमेरा बाजूला. म्हणजे फोटोत चेहऱ्याची एक बाजू येणार आणि मागं लाल दोरा. दोरा कधी खोटं बोलत नाही.

"काका, आम्ही बाजूच्या फोटोवरून ठरवतो की हनुवटी मागं आहे का पुढं," मॅडम म्हणाल्या. "पण माणसानं मान जरा खाली घातली की हनुवटी मागं जाते. वर केली की पुढं येते. जबडा तोच. मग मी जबड्यावर उपचार करते का मानेवर?"

"एक्स-रेत कळत नाही?"

"एक्स-रेवरून दोन्ही बाजूंनी बोलता येतं. शेवटी बघायचा असतो चेहराच."

म्हणून हा अभ्यास. प्रत्येक माणूस दोनदा उभा करायचा, मध्ये आठवडा सोडून. आपली मान तो आपणहून त्याच जागी आणतो का, ते फोटोंवर कोन मोजून बघायचं. आणत असेल तर फोटोवर विसंबायला हरकत नाही. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं नियम लिहून लावले होते. चप्पल काढा. सैल उभे राहा. मान पुढे-मागे डोलवा, डोलणे हळूहळू कमी करा. थांबेल तिथे आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघा. आणि तांबड्या शाईत शेवटचा नियम: रुग्णाला हात लावू नये.

ही शेवटची ओळ मला लागली. तीस वर्षं मी काय गिऱ्हाइकांना गुदगुल्या करत होतो?

पहिले दोन दिवस माणसं येत राहिली. मी रीळ भरत होतो, काढत होतो. शहर मला आवडलं नाही. नळाला एक दिवसाआड पाणी. कृष्णाकाठचा माणूस मी, बादलीकडं बघत आंघोळ करायची मला सवय नाही. जेवण मात्र चांगलं. शहागंजात मटणाचा नान-खलिया खाल्ला आणि घरी हे सांगायचं नाही असं ठरवलं. इमरती खाल्ली, ती सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसरीन आली. कन्नडच्या सलीमभाई शिंप्यांची मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वरचे दात पुढं, खालचा ओठ त्यांच्याखाली सापडायचा, म्हणून हसताना तोंडावर हात. पण बोलायला लागली की हात खाली यायचा. तालुक्यात वक्तृत्वाच्या ढाली जिंकून आणलेली पोर, शुद्ध मराठी बोलायची, माझ्यापेक्षा शुद्ध.

मॅडम तिच्यापाशी आडपडदा न ठेवता बोलल्या. नुसत्या तारांनी भागेल किंवा खालचा जबडा दोन्हीकडून कापून पुढं घ्यावा लागेल. तिचं प्रकरण अगदी काठावर होतं. "फोटोवरून ठरवू," त्या म्हणाल्या.

"ऑपरेशननंतर ओठ बधिर होतो म्हणतात," नसरीन म्हणाली. "मला बोलता येईल ना पहिल्यासारखं?"

"बहुतेकांची बधिरता जाते. थोड्यांची राहते. खोटं सांगणार नाही तुला."

सलीमभाई कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमी जे कराल ते बराबर. पन लेकरू लई भ्यालंय."

मी नसरीनला ओळंब्याशेजारी उभं केलं, मान डोलवायला लावली, फोटो काढला. चार दिवसांनी तो धुऊन आला. मॅडमनी त्यावर पातळ कागद ठेवून रेघा मारल्या, कोनमापक लावला आणि पेन्सिल खाली ठेवली. हनुवटी चांगलीच मागं होती. ऑपरेशन करायचं ठरलं.

शेंद्रा

आठवडा झाला, दुसऱ्या फोटोची वेळ आली आणि निम्मी माणसं आलीच नाहीत. एकदा काढलाय की फोटो, परत कशाला? त्यांचंही बरोबर होतं. त्यासाठी रजा कोण काढणार? मॅडमचा चेहरा उतरला. मीच म्हणालो, पेटी घेतो आणि जातो गावोगाव. आरसा, कापड, ओळंबा, कॅमेरा. हौस फार.

शेंद्रा जवळ. रस्त्याच्या एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण आणि आत नव्या कारखान्याचे पत्रे. बाळू नावाचा तरुण तिथंच पाळीवर कामाला होता. कुंपणाच्या आतली जमीन त्याच्या चुलत्याची होती, आता आत जायला त्याला गळ्यात कार्ड घालावं लागतं. हे त्यानं हसत सांगितलं, मला काही हसू आलं नाही. घरी त्याच्या आईनं आधी चहा, मग पोहे, मग परत चहा दिला. आमच्याकडं काम आधी आणि चहा नंतर. चहा आधी दिला तर माणूस काम न करता जाईल अशी भीती असते.

"काका, लई भारी काढा बरं," बाळू म्हणाला. "कारखान्याच्या कार्डावरच्या फोटोत मी चोर दिसतो."

त्याची मान डोलवून झाली. मी पुढं होऊन त्याची कॉलर सारखी केली, केस मागं सारले, हनुवटीला बोट लावलं आणि फोटो घेतला. दहा मिनिटांत काम झालं. त्याची आई दारापर्यंत आली, "कवातरी सवडीनं या," म्हणाली.

सोयगाव

सोयगाव लांब. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं उतरलं की हवाच बदलते, बोलणं बदलतं, खानदेश जवळ आल्याचं कळतं. शेवटचा टप्पा जीपनं केला. जीपमध्ये माणसं किती होती ते सांगत नाही, खोटं वाटेल. आरसा मी पायांत धरला होता. एका खड्ड्यात जीप आपटली आणि त्याचे तीन तुकडे झाले. समोरची बाई म्हणाली, "कुनाचं तोंड पाहून निघाला होता वो सकाळी?" मी म्हणालो, आरशात स्वतःचंच. सगळी जीप हसली.

गावात सलून शोधलं. दुकानदार भला माणूस, पण भिंतीवरचा आरसा एकटा सोडायला तयार नाही. "मी बी येतो संगं," म्हणाला. दुकानातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसवून ठेवून तो आरसा डोक्यावर घेऊन माझ्यापुढं चालला. बाजारपेठेतून आमची वरात निघाली. दहावीतल्या वैशालीच्या अंगणात आरसा भिंतीला टेकवला, ओळंबा आंब्याच्या फांदीला बांधला. पोर लाजून लाल झाली होती. मी तिची वेणी खांद्यामागं टाकली, हनुवटीला जरा बोट टेकवलं आणि बटण दाबलं. तिच्या आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ती माउली म्हणाली, "तुमच्याकडं मिर्च्या नसत्यात का?" सलूनवाला माझ्या शेजारी बसून जेवला. अर्ध्या दाढीचं पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

कन्नड

कन्नडला पोचलो तो बाजाराचा दिवस. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्या, मध्ये शेळ्या, मध्ये आमची एस.टी. सलीमभाईंचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. पाटीवर वर उर्दू, खाली मराठी; उर्दू अक्षरं जुनी, त्यांच्या वडिलांनी निजामाच्या वेळी रंगवलेली, मराठी पोलीस ॲक्शननंतरची. आत शाळेच्या गणवेशांचे ढीग आणि कपडे घालून बघायला माणसाएवढा उंच आरसा. आरशाचा प्रश्न मिटला.

इथंही आधी जेवण. खिचडी, चिंचेचा खट्टा, तळलेला पापड. नसरीनची आई पडद्याआडून वाढत होती, सलीमभाई मला आग्रह करत होते. "घ्या साहेब, लाजू नका. कराड लई लांब ऱ्हातंय."

जेवण झाल्यावर मी कापड लावलं, आढ्याला ओळंबा बांधला. नसरीन आरशासमोर येऊन उभी राहिली आणि मला जरा नवल वाटलं. दवाखान्यातली पोर ही नव्हती. पाठ ताठ, मान सरळ, नजर आरशातल्या स्वतःवर.

"रोज इथंच उभी राहून भाषण म्हणते," ती म्हणाली. "अब्बा मशीन बंद करून ऐकतात."

"मशीन बंद केल्याबिगर ऐकूच येत नाय," सलीमभाई म्हणाले. "आन हिचं भाषन सुरू झालं की गिऱ्हाईक बी जात नाय."

तिनं मान डोलवली, डोलणं कमी केलं, थांबली. मी पुढं झालो. तेवढ्यात पडद्याआडून तिच्या आईचा आवाज आला, मोठा नाही, पण स्वच्छ. "भैया, हात नक्को लगाओ. दूरसेच निकालो."

"मी हात लावतच नाही, भाभी," मी म्हणालो. तसा नियमच आहे, असंही म्हणणार होतो. आणि बघितलं तर माझा उजवा हात, पहिलं बोट वाकवलेलं, नसरीनच्या हनुवटीपासून वीतभरावर होता.

मी तो मागं घेतला. कानशिलं तापली. परक्याच्या घरात, बापासमोर, तरण्या पोरीच्या चेहऱ्याकडं माझा हात चालला होता आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. मी कॅमेऱ्यामागं गेलो आणि होता तसा फोटो घेतला. निघताना सलीमभाईंनी माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. परतीच्या बसमध्ये मला नसरीनच्या आईचा राग येत होता. काय समजली ती मला?

परत औरंगाबाद

फोटो धुऊन आले. मॅडमनी टेबलावर जोड्या मांडल्या, पहिला आणि दुसरा, पहिला आणि दुसरा. कागद, पेन्सिल, कोनमापक. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा फुलला. बाळूचे दोन्ही कोन सारखे. वैशालीचे सारखे. एकामागून एक सगळे जुळत गेले. "काका, माझा विश्वास बसत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या पुस्तकांतसुद्धा एवढं जुळलेलं मी पाहिलं नाही. आणि एक गंमत बघा. या भागातल्या मुलींची हनुवटी मागं दिसते, मुलांची पुढं. हे कुणीच लिहिलेलं नाही."

मी खुशीत चहा पीत होतो. मग त्यांनी नसरीनची जोडी घेतली.

ती जुळेना. दवाखान्यातल्या फोटोत हनुवटी मागं, कन्नडच्या फोटोत चांगली पुढं. दोऱ्याशी बघितलं तर दुसऱ्या फोटोत ऑपरेशन करावं असं काही दिसत नव्हतं. दात पुढं होते, तेवढंच. ते तारांनी आले असते.

"हा बिघडला," मॅडम म्हणाल्या. "मान वर केली तिनं. घरी काढला ना."

मी कप खाली ठेवला. सगळ्या जुळलेल्या फोटोंत माझा हात होता. न जुळलेल्या एकाच फोटोत तो नव्हता.

वडिलांनी मला स्टुडिओत पहिला धडा हाच दिला होता. बाईमाणसाची हनुवटी बोटभर खाली, बाप्याची बोटभर वर. बाई सोशिक दिसली पाहिजे, पुरुष करारी. लाजणाऱ्या, रडवेल्या, अवघडलेल्या हजारो पोरींच्या हनुवट्या मी त्या एका बोटानं खाली आणल्या, वर वाकडी मान करून बघितलं, आणि छान म्हटलं. ते बोट आता माझं राहिलं नव्हतं, ते आपलं आपण चालत होतं. तांबड्या शाईतला नियम मी वाचला होता, पाळतोही आहे अशी माझी खात्री होती. केस सारखे करणं, कॉलर नीट करणं, हनुवटीला बोट टेकवणं याला मी हात लावणं समजतच नव्हतो. मला स्वतःची शिसारी आली.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना पटेना, म्हणून त्यांच्या मदतनीस बाईंना ओळंब्याशेजारी उभं केलं आणि म्हणालो, बघा माझ्याकडं. जाणूनबुजून करायला गेलो तर मला ते नीट जमेना. चार वेळा करून दाखवलं, चारही वेळा खोटं वाटलं. तेव्हा त्या बाईच म्हणाल्या, "व्हय मॅडम, काका बोट लावतात. म्या रोजच बघते. मला वाटलं तसंच असतंय."

मॅडमनी कोनमापक बाजूला सारला. त्यांना हा अभ्यास घेऊन परिषदेला जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं.

"म्हणजे मी इतके दिवस तुमचं बोट मोजत होते," त्या म्हणाल्या.

"नसरीनचं तेवढं बघा," मी म्हणालो. "बाकीच्यांच्या तारा आहेत, तिचा जबडा आहे."

मॅडमना मी दोष देणार नाही. त्यांनी तिथंच फोन उचलला, कन्नडला सलीमभाईंच्या शेजारच्या दुकानात निरोप ठेवला आणि नसरीनला तिसऱ्या फोटोला बोलावलं. याहून सरळ काय करायचं असतं?

नसरीन दोन दिवसांनी बापाबरोबर आली. मी कॅमेऱ्याला लांब वायर लावली, भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो आणि उजवा हात पाठीमागं मूठ आवळून धरला. मॅडम समोर होत्या. नसरीननं चप्पल काढली, मान डोलवली, डोलणं कमी केलं. थांबली. मग आरशात बघत तिनं हनुवटी हळूच खाली घेतली. बोटभर. मला ओरडावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "घ्या काका," आणि मी घेतला.

मॅडम रीळ द्यायला बाहेर गेल्या तेव्हा मी तिला विचारलं, "बाळ, मान खाली का घेतलीस? कन्नडला तर सरळ होती."

"तिथं अम्मीमुळं तुम्ही सांगू शकला नाहीत ना, म्हणून चुकली," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही ठेवली होती ती जागा मी ध्यानात ठेवलीये. घरी सराव केला. आज बरोबर आली ना?"

शाबासकीची वाट बघत होती. तोंडावर हात नव्हता.

फोटो आला. पहिल्या फोटोशी तंतोतंत जुळला. मी मॅडमना तिचं बोलणं सांगितलं, शब्द न शब्द. त्यांनी ऐकून घेतलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आधी तुमचं बोट होतं, काका. आता तुमचे हात बांधले तर तिनं पाठ केलेली जागा आली. मी कशावर विश्वास ठेवायचा? दोन सारखे आहेत, एक वेगळा आहे. वेगळा कुठला ते दिसतंय." त्यांना खरं मोजायला मिळू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

खाली जिन्यात सलीमभाईंना गाठलं. म्हणालो, "ऑपरेशन करू नका. माझा फोटो चुकला आहे. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा."

त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. "तीनदा फोटो काढले साहेब. तुमीच काढले नव्हं?"

"मीच."

"मॅडम म्हनत्यात दोन बराबर आले. आन तुमी म्हनता चुकले. मग मॅडम खोट्या का?"

"नाही. त्या खऱ्या आहेत. चूक माझी आहे."

"साहेब, मी शिंपी मानूस. कापडावर खडूनं खूण ज्यानं केली त्यानं उभं ऱ्हाऊन कापून द्यावं. तुमी खूण करून गावाला चालले." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं. नसरीन वरून जिना उतरत आली, मला म्हणाली, "काका, परत आलात तर माझ्या भाषणाला या." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघालो. राहायला हवं होतं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा असं सांगत होतो, तर तो शोधून त्या दोघांना घेऊन मलाच त्याच्याकडं जाता आलं असतं. मी गेलो नाही. स्टुडिओ बंद होता, लग्नसराई तोंडावर होती, अशी कारणं मी गाडीत स्वतःला देत राहिलो.

कराड

गावात आल्यावर पहिल्याच दिवशी एक मुलगी स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी आली. मी दोन्ही हात खिशात घातले. ती आपणहूनच हनुवटी खाली घेऊन बसली. आता आमच्या गावातल्या पोरींना बोट लावायचीही गरज उरलेली नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

वर्ष होत आलं तेव्हा औरंगाबादहून जाड पाकीट आलं. आत नसरीनचा फोटो होता आणि मॅडमचं पत्र. ऑपरेशन व्यवस्थित झालं, हाडं जुळली, दात छान बसले. खालच्या ओठाची बधिरता अजून आहे, तिनं यंदा स्पर्धेत भाग घेतला नाही, पण काळजीचं कारण नाही, बधिरता हळूहळू जाईल. पुढं लिहिलं होतं: "नवीन फोटोग्राफर ठेवला आहे. रुग्णाला अजिबात हात लावत नाही, पण मान नीट येत नाही त्याच्याकडून. सोबतचा फोटो बघा. मान वर झाली आहे, त्यामुळे हनुवटी उगाच पुढे आल्यासारखी दिसते. एकदा येऊन त्याला दाखवून जाल का?"

मी फोटो खिडकीशी नेला. निळं कापड, लाल दोरा. नसरीन आरशात बघत उभी होती, कन्नडला बापाच्या दुकानात उभी होती तशीच. पाठ ताठ, मान सरळ. नाकाच्या आणि ओठांच्या पुढं, दोऱ्यापासून लांब, कापून पुढं घेतलेली हनुवटी बाहेर आली होती. बोटभर.

फोटोच्या मागं मी लिहिलं, "मान बरोबर आहे," आणि तो त्याच पाकिटातून परत पाठवला. त्यावर मॅडमचं उत्तर आलं नाही.